जपानमध्ये फिरायचं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टोकियोच्या पूर्वेला निशिकासाई नावाचा भाग आहे. आम्ही तिथे राहतो. भारतीयांची इथे मोठी वस्ती आहे, त्यामुळे स्टेशनबाहेर भाजी घेताना मराठी कानावर पडलं तरी कुणी मागे वळून बघत नाही. मार्च संपत आला, साकुरा म्हणजे चेरी फुलायची वेळ झाली की पुणे, नाशिक, डोंबिवलीहून माणसं यायला लागतात आणि त्याआधी महिनाभर फोन सुरू होतात. हॉटेल, हवा, खरेदी याबद्दल थोडं विचारतात, बाकी सगळे प्रश्न गाड्यांचे. तेच इथे एकत्र लिहिले आहेत.

एक गोष्ट मी प्रत्येकाला पहिल्या फोनवरच सांगते. एक कोरा कागद घ्या आणि कोणत्या दिवशी कुठून कुठे जायचं ते आधी लिहा. पास, तिकिटं, कार्डं हा विषय त्यानंतरचा. लोक नेमकं उलटं करतात, आणि पैसे तिथेच जातात.

दर येनमध्ये दिले आहेत. एक येन म्हणजे साधारण पंचावन्न ते साठ पैसे धरा. भाडी अधूनमधून वाढतात, म्हणून निघण्याआधी ताजे दर बघून घ्या.

मुंबई-पुण्याहून यायचं तर थेट विमान मिळतं का?

दिल्लीहून टोकियोला थेट विमानं आहेत, प्रवास साधारण आठ तासांचा. मुंबई-पुण्याकडचे बरेच जण दिल्ली, सिंगापूर, बँकॉक किंवा हाँगकाँगला विमान बदलून येतात. हाँगकाँगमार्गे येणार असाल तर तिथल्या प्रवेशाचे नियम आधी वाचा.

थेट विमान मिळतं का यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न आहे तो परतीचं विमान कुठून घ्यायचं हा. बहुतेकांचा बेत टोकियो, क्योतो, ओसाका असा असतो. तरी तिकीट काढतात ते टोकियोला येऊन टोकियोहूनच परतायचं. म्हणजे शेवटच्या दिवशी पाचशे किलोमीटर उलटे जायचं, माणशी सुमारे १४ हजार येन खर्चायचे आणि अर्धा दिवस घालवायचा. त्यापेक्षा टोकियोला उतरा आणि ओसाकाजवळच्या कान्साई विमानतळावरून परता. असं तिकीट थोडं महाग पडलं तरी सगळा हिशेब केला की स्वस्तच ठरतं. १९९४ साली सुरू झालेला हा विमानतळ समुद्रात भर घालून केलेल्या बेटावर आहे. विमान उतरताना दोन्ही बाजूंना पाणीच पाणी दिसतं. क्योतोहून तिथे ‘हारुका’ नावाची एक्स्प्रेस सव्वा तासाच्या आसपास पोचवते.

व्हिसा विमानतळावर मिळतो का?

नाही, भारतीय पासपोर्टवर व्हिसा आधीच घ्यावा लागतो. एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांना पर्यटनासाठी ई-व्हिसा मिळतो. त्याचा अर्ज व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रात करायचा. एक बारकावा लक्षात ठेवा. हा ई-व्हिसा विमानतळावर मोबाइलवर, इंटरनेट चालू असताना उघडून दाखवावा लागतो. छापील प्रत किंवा स्क्रीनशॉट चालत नाही. फोनची बॅटरी भरलेली ठेवा.

नरिताला उतरावं की हानेदाला?

दोन्हींचं भाडं सारखं असेल तर डोळे झाकून हानेदा. तो शहरातच आहे. केइक्यू लाईनने शिनागावाला पाव तासाच्या आसपास पोचता, किंवा मोनोरेलने हामामात्सुचोला. नरिता टोकियोपासून साठेक किलोमीटर लांब. तिथून नरिता एक्स्प्रेस तासाभरात टोकियो स्टेशनला आणते. स्कायलायनर चाळीस मिनिटांच्या आसपास उएनोला आणते. तुमचं हॉटेल उएनो किंवा आसाकुसाकडे असेल तर स्कायलायनर, शिंजुकु किंवा शिबुयाला असेल तर नरिता एक्स्प्रेस. टोकियो स्टेशनपर्यंत दीड हजार येनची साधी बसही मिळते. रात्रभराचा प्रवास करून थकलेल्या माणसांना मी हीच सुचवते, कारण बॅगा बसच्या पोटात जातात आणि एकही जिना चढावा लागत नाही.

जेआर पास घ्यायलाच हवा ना? सगळे सांगतात.

जेआर म्हणजे जपान रेल्वे, आणि हा पास म्हणजे तिच्या गाड्यांतून ठरावीक दिवस फिरायची मुभा. सगळे सांगतात ते जुन्या अनुभवावरून. ऑक्टोबर २०२३ पर्यंत सात दिवसांचा पास २९,६५० येनला मिळायचा, तेव्हा डोळे मिटून घेण्यासारखा होता. त्या महिन्यात तो एकदम ५० हजारांवर गेला. चौदा दिवसांचा ८० हजार झाला, एकवीस दिवसांचा एक लाख.

आता तो कागद काढा. टोकियो ते क्योतो सुमारे १४ हजार येन. क्योतो ते ओसाका साध्या गाडीने सहाशेच्या आत. ओसाकाहून टोकियोला परत यायला पुन्हा चौदा-पंधरा हजार. एकूण २९-३० हजार. पास घेतलात तर माणशी वीस हजार येन जास्त गेले. चौघांचं कुटुंब असेल तर ही रक्कम पंचेचाळीस हजार रुपयांच्या आसपास होते.

हिरोशिमा जोडलं तरी? क्योतोहून हिरोशिमा सुमारे साडेअकरा हजार, हिरोशिमाहून थेट टोकियो साडेएकोणीस हजारांच्या आसपास. टोकियो-क्योतोचे चौदा धरून पंचेचाळीस. अजूनही पास महागच.

शिवाय पासवर सर्वांत वेगवान ‘नोझोमी’ गाडीत तसं बसता येत नाही. वेगळी रक्कम भरावी लागते. टोकियो-क्योतोसाठी ती पाच हजारांच्या घरात जाते. नाहीतर ‘हिकारी’ने जायचं, ती क्योतोला अर्धा तास उशिरा पोचते आणि तिच्या फेऱ्याही कमी आहेत.

मग पास कुणाला फायद्याचा? सात दिवसांत जो टोकियो-हिरोशिमा जाऊन येतो आणि उत्तरेला सेंदाईच्याही पुढे एक लांब चक्कर मारतो त्याला. असा बेत करणारे आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांत फारच थोडे. प्रादेशिक पास मात्र बघण्यासारखे आहेत. टोकियोहून कानाझावामार्गे क्योतो-ओसाकाला जायचं असेल तर होकुरिकु आर्च पास आहे. २०२४ मध्ये शिन्कान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, कानाझावाच्या पुढे त्सुरुगापर्यंत वाढली तेव्हा तो सात दिवसांसाठी ३० हजारांचा झाला. नेहमीच्या किनाऱ्यालगतच्या रस्त्याऐवजी डोंगरापलीकडचा हा मार्ग मला स्वतःला जास्त आवडतो. वाटेत नागानो आहे, तोयामाचा हिमाच्छादित डोंगर आहे, आणि कानाझावाहून शिराकावागोच्या गवती छपरांच्या गावाला बस जाते.

शिन्कान्सेनचं तिकीट किती आधी काढावं? आपल्यासारखं वेटिंग असतं का?

वेटिंग लिस्ट हा प्रकार नाही. आरक्षण प्रवासाच्या एक महिना आधी, जपानी वेळेप्रमाणे सकाळी दहाला उघडतं. एरवी मात्र दोन दिवस आधी, कधी त्याच दिवशीही सहज जागा मिळते. टोकियो-ओसाका मार्गावर गर्दीच्या वेळी दर पाच-सात मिनिटांनी गाडी सुटते. पुण्याहून मुंबईला डेक्कन क्वीन चुकल्यावर जीव जसा खालीवर होतो तसं इथे होत नाही. गाडी गेली, तर पुढची फलाटावर येतच असते.

अपवाद तीन. एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यातला गोल्डन वीक, ऑगस्टच्या मध्यावरचा ओबोन हा पूर्वजांच्या स्मरणाचा सण, आणि नववर्ष. या दिवसांत अख्खं जपान गावी निघतं, आपल्याकडे गणपतीला कोकणात निघतात तसं. तेव्हा नोझोमीचे सगळे डबे आरक्षितच असतात. तिकीट महिनाभर आधीच काढा.

तिकीट स्मार्ट-ईएक्स ॲपवर काढता येतं आणि आधी काढलं तर थोडी सूटही मिळते. खिडकीवर किंवा मशीनवर काढलंत तर हातात बहुधा दोन कागद येतील, एक अंतराच्या भाड्याचा, दुसरा जलद गाडीच्या अधिभाराचा. गेटमध्ये दोन्ही एकावर एक ठेवून एकदमच घालायचे. पलीकडे ते बाहेर येतात, तिथून उचलायला विसरू नका. उतरताना ते पुन्हा लागतात.

आणि जागा निवडता येत असेल तर ‘ई’ मागा. टोकियोहून क्योतोकडे जाताना फुजी पर्वत उजव्या हाताला येतो आणि ‘ई’ ही त्या बाजूची खिडकी. गाडी सुटल्यावर पाऊण तासाच्या सुमारास, शिन-फुजी स्टेशनच्या आसपास, कारखान्यांच्या चिमण्यांमागे तो अचानक उभा राहतो. हिवाळ्यात सकाळच्या गाडीतून दिसण्याची शक्यता सर्वांत चांगली. माझी मावशी पहिल्यांदा आली तेव्हा तिने फुजी दिसल्यावर नकळत हात जोडले, आणि शेजारच्या जपानी आजोबांनी तिच्याकडे बघून हलकेच मान झुकवली.

या गाड्या खरंच सुरक्षित आहेत का? इतका वेग!

१ ऑक्टोबर १९६४ ला, टोकियो ऑलिंपिकच्या नऊ दिवस आधी, टोकियो आणि शिन-ओसाका यांच्यामधली पहिली शिन्कान्सेन सुरू झाली. ५१५ किलोमीटरला तेव्हा चार तास लागायचे, आज नोझोमी अडीच तासांच्या आत पोचते. या साठ वर्षांत गाडी घसरून किंवा दोन गाड्या धडकून एकाही प्रवाशाचा जीव गेलेला नाही. टोकियो-ओसाका शिन्कान्सेनचा मार्ग पूर्ण स्वतंत्र आहे, त्यावर गाड्यांच्या वाटेत रस्त्याचं फाटक नाही. भूकंपाच्या पहिल्या हलक्या लाटा यंत्रांनी टिपल्या की वीज आपोआप तोडली जाते आणि मोठा हादरा येण्याआधीच गाड्यांचे ब्रेक लागायला सुरुवात होते. मुंबई-अहमदाबाद मार्गासाठी आपण हेच तंत्र घेतलं आहे, म्हणून ठाणे-पालघरकडच्या पाहुण्यांना मी हे मुद्दाम सविस्तर सांगते.

आमच्याकडे चार मोठ्या बॅगा असतील. गाडीत ठेवायला जागा असते का?

मला सर्वांत जास्त काळजी याच प्रश्नाची वाटते. सहलीचा विचका झालेला मी पाहिला आहे तो बॅगांमुळेच.

आधी नियम. लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरपर्यंतची बॅग कुठेही नेता येते. २८ इंची बॅग बहुतेक या मर्यादेत बसते. टोकियो-क्योतो-हिरोशिमा मार्गावर १६० ते २५० सेंटिमीटरच्या बॅगेसाठी डब्यातली सर्वांत मागची, बॅगेच्या जागेसकटची सीट राखून ठेवावी लागते. त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. आरक्षण न करता नेलीत तर हजार येन भरावे लागतात.

पण खरी अडचण गाडीत येत नाही, ती स्टेशनात येते. गाडी बदलायला दहा मिनिटं, लिफ्ट फलाटाच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि संध्याकाळी सहाची गर्दी. एका कुटुंबाला घ्यायला गेले होते, तर काकू जिन्याच्या मध्यावर बॅगेवर बसलेल्या, काका वर आणि मुलगा खाली. तिघांचे चेहरे अजून आठवतात.

यावर जपानने फार सुंदर उपाय काढला आहे, त्याचं नाव ‘ताक्युबिन’. सकाळी हॉटेलच्या काउंटरवर बॅग द्यायची, पुढच्या हॉटेलचा पत्ता लिहायचा, दुसऱ्या दिवशी बॅग तिथे हजर. काळी मांजर आणि तिच्या तोंडात पिल्लू अशी खूण असलेली गाडी रस्त्यावर दिसली तर ती याच कामाची. बॅगेमागे साधारण दोन ते तीन हजार येन पडतात. एक रात्र बॅगेविना काढायची असते, तेव्हा एक कपड्यांचा जोड, औषधं आणि कागदपत्रं पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवा. औषधं बॅगेत टाकून पाठवू नका. विमानतळावर बॅग पाठवायची असेल तर दोन दिवस आधी द्या.

सुइका कार्ड म्हणजे मुंबईच्या स्मार्ट कार्डासारखंच का?

बरंचसं तसंच, पण त्याची पोच खूप मोठी. गेटवर टेकवायचं, उतरताना पुन्हा टेकवायचं, भाडं आपोआप वळतं होतं. लोकल, मेट्रो, शहरी बस, फलाटावरचं चहाचं मशीन, कोपऱ्यावरचं दुकान, सगळीकडे चालतं. टोकियोत सुइका किंवा पास्मो, ओसाकाकडे इकोका, नावं वेगळी असली तरी ती एकमेकांच्या शहरांत चालतात. चिपांच्या टंचाईमुळे मधली दोनेक वर्षं साध्या कार्डांची विक्री बंद होती, ती २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. आयफोन असेल तर सुइका फोनमध्येच घेता येतं. भारतात घेतलेल्या बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये त्यासाठी लागणारी चिप नसते, तेव्हा प्लास्टिकचं कार्ड घ्या.

तीन गोष्टी ध्यानात ठेवा. प्रत्येकाला स्वतंत्र कार्ड लागतं, एका कार्डावर चौघे जाऊ शकत नाहीत. कार्डात पैसे भरायची मशीनं बहुतेक ठिकाणी रोखच घेतात. आणि टोकियो भागात कार्ड टेकवून आत शिरून थेट क्योतो भागात बाहेर पडता येत नाही, लांबच्या प्रवासाला वेगळं तिकीट लागतं.

शिल्लक कमी पडली तर गेट वाजतं आणि बंद होतं. घाबरू नका, कुणी दंड करत नाही. गेटच्या आतच भाडं पुरं करायचं मशीन असतं, उरलेले पैसे भरायचे आणि बाहेर पडायचं.

टोकियोच्या मेट्रोचा नकाशा बघूनच डोकं गरगरतं. कसं जमणार?

ज्याने दादरला पूल बदलून पश्चिमेहून मध्यला गाडी पकडली आहे त्याला टोकियो जमतं. हे मी मनापासून सांगते. विचार करायची पद्धत तीच आहे.

यामानोते ही गोल फिरणारी हिरवी लाईन आधी पक्की करा. तीस स्टेशनं, पूर्ण फेरीला तासभर. शिंजुकु, शिबुया, हाराजुकु, उएनो, आकिहाबारा, टोकियो, सगळी तिच्यावरच. हॉटेल या गोलावरच्या एखाद्या स्टेशनाजवळ घेतलंत तर निम्मं काम झालं. या गोलाच्या आतून मेट्रोच्या तेरा लाईनी जातात. नऊ एका कंपनीच्या, चार दुसऱ्या. पर्यटकांसाठी २४, ४८ आणि ७२ तासांचं एक तिकीट मिळतं, ते या तेराही लाईनींवर चालतं. यामानोतेवर मात्र चालत नाही, कारण ती जेआरची.

जलद आणि धीमी इथेही आहे. ‘काकुएकी’ किंवा ‘फुत्सु’ म्हणजे धीमी, ‘काइसोकु’ म्हणजे जलद, ‘तोक्क्यू’ म्हणजे अतिजलद. या शेवटच्या प्रकारात काही कंपन्या जास्त पैसे घेतात, काही घेत नाहीत. बोरिवलीची जलद पकडून जोगेश्वरीचं स्टेशन डोळ्यांदेखत निघून जातं, तसं इथेही होतं. म्हणून चढण्याआधी गाडीवरची पाटी बघा.

स्टेशनांना अक्षर आणि आकडा दिलेला असतो, त्यामुळे जपानी वाचता न येणाऱ्यालाही पुढचं स्टेशन कळतं. गुगल मॅप फलाट क्रमांक, कोणत्या डब्यात बसायचं आणि कोणत्या दारातून बाहेर पडायचं हेही सांगतो. हे शेवटचं फार मोलाचं. शिंजुकु स्टेशनला दोनशेहून जास्त बाहेर पडायचे मार्ग आहेत आणि चुकीच्या दाराने निघालात तर पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. भेटायचं ठरवताना ‘शिंजुकुला भेटू’ असं कधी म्हणू नका, दाराचं नाव सांगा.

गर्दी आपल्या लोकलइतकी असते का?

सकाळी साडेसात ते नऊ, होय. आमची तोझाई लाईन तर त्यासाठी प्रसिद्ध आहे. फरक असा की रेटारेटी असते, पण आवाज नसतो. उतरणारे आधी उतरतात. चढणारे फलाटावरच्या खुणांवर दोन रांगांत उभे असतात. फोनवर कुणी बोलत नाही. पाठीवरची सॅक पुढे घेतात किंवा हातात धरतात. बऱ्याच लाईनींवर सकाळी बायकांसाठी राखीव डबा असतो, फलाटावर गुलाबी खूण दिसते. पाहुण्यांनी साडेनऊनंतर निघावं, प्रश्नच मिटतो.

रात्री शेवटची गाडी किती वाजता?

बाराच्या आसपास, आणि पहाटे पाचपर्यंत पुन्हा काही नाही. एवढ्या मोठ्या शहरात रात्रभर गाड्या नसतील यावर कुणाचा विश्वास बसत नाही, पण तसंच आहे. शेवटच्या गाडीला ‘शूदेन’ म्हणतात. ती चुकली तर टॅक्सी. टोकियोत सुरुवातीच्या सुमारे एक किलोमीटरला ५०० येन, पुढे मीटर वेगाने पळतं, आणि रात्री दहा ते पहाटे पाच वीस टक्के जास्त. ‘गो’ नावाच्या ॲपवरून बोलावता येते. टॅक्सीचं डावीकडचं मागचं दार चालक आतूनच उघडतो आणि बंद करतो, तुम्ही हात लावू नका. टिप देत नाहीत.

क्योतोत बसनेच फिरायचं ना?

शक्य तितकं टाळा. बसभाडं सरसकट २३० येन, मागच्या दाराने चढायचं, उतरताना पुढे पैसे द्यायचे, पद्धत सोपी आहे. पण देवळांकडे जाणाऱ्या बस इतक्या भरतात की म्हाताऱ्या क्योतोकरांना स्वतःच्या गावात दवाखान्यात जाताना बसमध्ये शिरता येत नाही. याची तिथल्या लोकांना झळ बसते आहे, आणि आपण पाहुणे म्हणून एवढं भान ठेवलंच पाहिजे.

फुशिमी इनारीची ती हजारो केशरी कमानींची टेकडी क्योतो स्टेशनहून नारा लाईनवर दुसऱ्याच स्टेशनला आहे, पाच मिनिटं. आराशियामाचं बांबूबन सागा-आराशियामा स्टेशनहून चालत जाता येतं. पूर्वेकडच्या देवळांसाठी केइहान लाईन आणि क्योतोची तोझाई भुयारी लाईन (टोकियोतली ती वेगळी) कामाला येते, पुढे पंधरा-वीस मिनिटं चालायचं. ते चालणं जुन्या गल्ल्यांतून असतं. क्योतो बघायचं म्हणजे तेच बघायचं. भुयारी रेल्वे आणि बस मिळून एक दिवसाचा पास ११०० येनला मिळतो, दिवसात पाच वेळा चढलात तर परवडतो.

आईबाबा सत्तरीचे आहेत, झेपेल का?

झेपतं, पण तयारी इथे यायच्या दोन महिने आधी घरीच करायची. दिवसाला पंधरा-वीस हजार पावलं सहज होतात. टोकियोत एका लाईनीवरून दुसरीवर जाताना जमिनीखालीच अर्धा किलोमीटर चालणं होतं. म्हणून त्यांना रोज सकाळी तळजाई किंवा शिवाजी पार्क सुरू करायला सांगा, आणि नवे बूट इथे येऊन पहिल्यांदा घालू नका.

जवळजवळ सगळ्या मोठ्या स्टेशनांत लिफ्ट आहे, फक्त ती शोधावी लागते. व्हीलचेअर असेल तर गेटवरच्या कर्मचाऱ्याला सांगा. तो घडीचा रॅम्प घेऊन फलाटावर येतो, तुम्हाला चढवतो आणि उतरायच्या स्टेशनला फोन करतो. तिथे डब्याच्या दारासमोर दुसरा माणूस रॅम्प घेऊन उभा असतो. माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत हे पंधरा दिवसांत अनेकदा घडलं, एकदाही चुकलं नाही. त्यासाठी वेगळे पैसे नाहीत.

वयस्कर माणसं बरोबर असतील तर दिवसाला एकच भाग धरा, आणि तीन हॉटेलं बदलण्याऐवजी दोनच घ्या.

मुलांना पूर्ण तिकीट लागतं का?

सहा ते अकरा वर्षांना अर्धं. सहाच्या आतल्यांना फुकट, एका मोठ्या माणसामागे दोन मुलं, पण शिन्कान्सेनमध्ये स्वतंत्र सीट हवी असेल तर अर्धं तिकीट काढावं लागतं.

गाडीत खाल्लं तर चालतं का? आम्ही शाकाहारी आहोत.

शिन्कान्सेनमध्ये आणि लांबच्या एक्स्प्रेसमध्ये खुशाल खा, तिथे डबा उघडणं हा प्रवासाचाच भाग मानतात. स्टेशनावर मिळणाऱ्या ‘एकिबेन’ डब्यांत बहुतेक वेळा मासे किंवा मांस असतंच, आणि भाजीही माशांच्या अर्कात शिजवलेली असते. टोकियो-ओसाका मार्गावरच्या साध्या डब्यांतली खाण्याची ढकलगाडी ऑक्टोबर २०२३ अखेर बंद झाली, म्हणून चढण्याआधीच घ्या. आंबट ‘उमे’ घातलेला भाताचा त्रिकोणी गोळा दुकानात मिळतो, त्याच्या वेष्टनावरचा मजकूर फोनने भाषांतरित करून बघा. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि दशम्या दोन-तीन दिवस छान टिकतात. लोकल-मेट्रोत मात्र खाऊ नये. आणि ताजी फळं आणू नका. कितीही वाटलं तरी सामानातून हापूस आणता येत नाही, विमानतळावर काढून घेतात.

स्वतः गाडी चालवता येते का?

येते. जपानमध्येही वाहनं डावीकडूनच चालतात, स्टिअरिंग उजवीकडे. तुमच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, तो एक वर्ष चालतो. बरोबर मूळ भारतीय परवाना आणि पासपोर्ट ठेवा. टोकियो, क्योतो, ओसाकात गाडी घेण्यात काही अर्थ नाही. पार्किंग महाग, टोल महाग. उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर किंवा दक्षिणेकडच्या ओकिनावात मात्र गाडीच हवी. ओकिनावात नाहातल्या मोनोरेलशिवाय रेल्वेच नाही.

दोन नियम आपल्या सवयीत नसतात. रेल्वे फाटक उघडं असलं तरी आधी गाडी पूर्ण थांबवायची, मग जायचं. आणि सिग्नल लाल असताना डावीकडे वळायचं नाही. पिऊन चालवणाऱ्याबरोबर शेजारी बसणाऱ्यालाही शिक्षा होते.

लांबच्या प्रवासात स्वस्त काय?

रात्रीची बस. टोकियो-ओसाका शिन्कान्सेनच्या निम्म्याहून कमी भाड्यात होतं आणि हॉटेलची एक रात्र वाचते. तरुणांना ठीक, पाठ दुखणाऱ्यांना नाही. फुजीच्या पायथ्याच्या कावागुचिको तळ्याला शिंजुकुहून दिवसाची बस दोन तासांच्या आसपास जाते, ती मी सगळ्यांना सांगते. साप्पोरो किंवा ओकिनावाला विमानच घ्या. शिन्कान्सेन होक्काइदोत शिरते खरी, पण हाकोदातेच्या बाहेरच थांबते.

वादळ, भूकंप झाला तर अडकणार का?

ऑगस्ट ते ऑक्टोबर ही वादळांची वेळ. मोठं वादळ येणार असेल तर रेल्वे आदल्या दिवशीच जाहीर करून गाड्या बंद ठेवते. अशा दिवशी पैसे परत मिळतात किंवा तिकीट बदलून मिळतं. तुम्ही एवढंच करा, परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री विमानतळ असलेल्या शहरातच मुक्काम ठेवा. एरवी गाडी थोडी उशिरा आली तरी स्टेशन तसा दाखला देतं, लोक तो ऑफिसात दाखवतात. नोव्हेंबर २०१७ मध्ये टोकियोजवळच्या त्सुकुबा एक्स्प्रेसची गाडी वेळेआधी वीस सेकंद सुटली, तर कंपनीने जाहीर माफी मागितली होती.

गाडीत काही विसरलं तर?

लगेच गेटवर सांगा. लाईन, वेळ आणि साधारण कितवा डबा हे आठवत असलं की पुरे. आईची शबनम पिशवी चष्मा आणि जपमाळेसकट रॅकवर राहिली होती. दुसऱ्या दिवशी सात स्टेशनं पुढे जाऊन आम्ही ती घेऊन आलो. जपमाळ कुणीतरी वेगळ्या छोट्या पाकिटात घालून ठेवली होती.

निघताना सुइकातले उरलेले पैसे परत मिळतात का?

ज्या कंपनीचं कार्ड तिच्याच भागात मिळतात, थोडी रक्कम कापून. म्हणजे टोकियोचं सुइका ओसाकात परत करता येत नाही. कान्साईहून परतणाऱ्यांनी शेवटच्या दिवशी विमानतळावरच्या दुकानात ते संपवावं. पण कार्ड टाकू नका. शेवटच्या वापरापासून दहा वर्षं ते चालू राहतं. मावशी तिचं कार्ड देवघरातल्या डब्यात ठेवते आणि पुढच्या वेळी त्यात शरदातली पानगळ बघण्याचे पैसे भरायचे आहेत म्हणते.